फोटोपुरती सूचना

मी फळा बोलतोय. आजवर माझ्या अंगावर दुसऱ्यांनीच लिहिलं. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं काही सांगायला बसलोय, आणि सांगायचं आहे ते मान खाली घालायला लावणारंच आहे. तरी सांगतो. न सांगून मन हलकं होईल असंही काही नाही.

माझा जन्म पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेच्या एका गावात झाला. भिमाजी सुताराने सागाच्या जाड फळ्या जोडून मला आठ फुटी केलं, चौकट ठोकली आणि शाळेत नेऊन पोहोचवलं. दर शनिवारी मुलं जुन्या सेलमधली काळी पूड आणि भोपळ्याचा पाला माझ्या अंगाला खसाखसा चोळायची. दसऱ्याला माझ्यावर एकचे आकडे जोडून सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायची आणि डोळे मिटून हात जोडायची. चुकून एखाद्याचा पाय लागला तर ते पोर मला हात लावून तो कपाळाला लावायचं. त्या वयात मीही जरा फुशारलो होतो. माझ्यावर जे लिहिलं जातं ते खरंच असतं, असं मला वाटायचं.

पुढे शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, भिंतीला टांगण्यात आलं. मला वाटलं, बढती झाली. शाळेत चाळीस पोरं वाचायची, आता अख्खं गाव वाचेल.

गावाने माझा भ्रम आठवडाभरात उतरवला. कुणी मला सायकल टेकवली, कुणी माझ्या खिळ्याला पिशवी अडकवली. गप्पा मारणारी मंडळी माझ्याकडे पाठ करून बसायची. ग्रामसभेची तारीख माझ्यावर ठळक लिहिलेली असायची आणि माझ्याखालीच बसून लोक विचारायचे, गावात कुणी काही कळवतच नाही का. सभेला माणसं जमायची नाहीत, सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब झालेली सभा पुढे आठ-दहा जणांत उरकली तरी चालते, हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना चांगलं ठाऊक होतं.

माझ्यावर लिहायचा तो अजिनाथ, पंचायतीचा शिपाई. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण अक्षर असं की माझंच मला कौतुक वाटावं. हाताखाली पट्टी न धरता ओळ सरळ जायची. ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. त्या भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार. ते मोटारसायकलवरून यायचे, अजिनाथने लिहिलेल्या सूचनेचा मोबाईलमध्ये फोटो काढायचे, तो वर पाठवायचे आणि पुढच्या गावाला जायचे. सूचना सात दिवस आधी दिली, याचा पुरावा म्हणजे तो फोटो. त्या फोटोतला चेहरा माझा.

आता वस्तीबद्दल सांगायला हवं. गावापासून दीड किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे पन्नासेक घरांची वस्ती आहे. निम्म्याहून जास्त माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मागे म्हातारी माणसं आणि पोरं राहतात. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीला शाळा नाही, दळण नाही, दवाखाना नाही. त्यांचं मागणं एकच होतं. ओढ्यावर साकव व्हावा, म्हणजे चालत जाण्यापुरता छोटा पूल. गावाच्या विकास आराखड्यात कोणतं काम आधी घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं, हे वस्तीवरच्या पूजाने नीट समजून घेतलं होतं. ती भीमाबाईची सून, बारावीपर्यंत शिकलेली. आपण तोडीला जायच्या आत सभा व्हावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. वस्तीवरची साठ माणसं हात वर करायला तयार होती.

आणि तीच अडचण होती. सरपंच रंगनाथरावांना वेशीवर मोठी कमान उभी करायची होती. साठ हात साकवासाठी वर झाले असते तर कमान मागे पडली असती.

दिवाळी झाली त्या आठवड्यात अजिनाथने माझ्यावर लिहिलं, 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की...' तारीख, वार, वेळ, विषय, सगळं रीतसर. खाली 'सर्वांनी उपस्थित राहावे' या शब्दांना त्याने दुहेरी रेघ मारली. भाऊसाहेबांनी फोटो काढला, नीट आला की नाही ते सावलीत धरून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पूस आता."

अजिनाथने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग ओला फडका फिरवला. दहा मिनिटंही ती सूचना माझ्या अंगावर राहिली नाही. तिच्या जागी जनावरांच्या लाळ-खुरकत लसीकरणाची तारीख आली.

तुम्ही म्हणाल, फळ्याचा काय दोष? मीही स्वतःची अशीच समजूत घालत होतो. पण पुढचे सात दिवस पूजा रोज आली. शेजारच्या गिरणीत तिचं दळण चालू होतं, तोडीवर न्यायच्या बाजरीचं. ती रोज माझ्यासमोर उभी राहायची आणि लसीकरणाची सूचना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायची, आपलं काही सुटलं तर नाही ना म्हणून. गावात मला इतकं मन लावून कुणीच कधी वाचलं नव्हतं. आणि तिच्यापुढे मी साळसूदासारखा उभा होतो.

सातव्या दिवशी ती सकाळी आली, तेव्हा अजिनाथ आतल्या खोलीत माठ भरत होता. सभा दुपारी होती. सतरंजी अंथरून झाली होती. पूजाने ओट्यावरूनच त्याला विचारलं, सभेचं काही ठरलं का. उद्या पहाटे तोडीला न्यायला ट्रॅक्टर येणार आहे. पण सभा असली तर मुकादमाला सांगून आम्ही सगळे दोन दिवस थांबू.

"अजून काई ठरलं न्हाई, वहिनी," अजिनाथ म्हणाला. तो बाहेर आलाच नाही.

ती पिठाचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघून गेली. दुपारी सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने पुन्हा भरली आणि अकरा माणसांनी कमान मंजूर केली. त्या वेळी वस्तीवर माणसं भांडीकुंडी बांधत होती. बोलावलं असतं तर तासाभरात आली असती.

पाडव्यानंतर ती माणसं परत आली, ती नव्या कमानीखालूनच. पूजाला वाटलं, सभा आपल्या माघारी झाली. आपलं नशीब, दुसरं काय. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. पण ओढा काही पुढच्या वर्षाची वाट पाहत बसला नाही. आषाढात भीमाबाई रेशनचा गहू घेऊन ओढा उतरत होती. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण शेवाळावरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी तिला बाजेवर घालून त्याच पाण्यातून पलीकडे आणलं. माझ्यासमोरूनच ती बाज गेली. म्हातारी कण्हत होती आणि तशातही विचारत होती, गहू भिजला का.

तेव्हा पूजाने लेखी अर्ज दिला. साकवाची मागणी असताना आम्हाला सभेला का बोलावलं नाही? पंधरा दिवसांनी उत्तर आलं, सूचना मुदतीत देण्यात आली होती, सोबत छायाचित्र जोडले आहे.

ते छायाचित्र घेऊन ती ओट्यावर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. कागदावर मी, भिंतीवर मी. कागदावरच्या माझ्या अंगावर सभेची तारीख होती, आणि त्या तारखेआधीचे सातही दिवस पूजा इथेच उभी राहिली होती. मला त्या क्षणी खिळ्यावरून निसटून खाली पडावंसं वाटलं. अजिनाथ समोरच होता.

"भाऊजी, हे अक्षर तुमचंच हाय ना?"

"व्हय."

"मग मला का न्हाई दिसलं?"

"मी पुसलं हुतं," अजिनाथ म्हणाला.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, आम्हा दोघांनाही त्या हव्या होत्या. तिने कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "आत्याबाईला हे कळू देऊ नका. तुमी वस्तीवर आलात तर उपाशी जाऊ नये म्हनून त्या पडल्या पडल्या अजून एक भाकर जास्तीची टाकायला लावत्यात."

ती गेली. अजिनाथ माझ्याखाली पायरीवर बसला. बावीस वर्षं त्याने वस्तीवर नोटिसा वाटल्या होत्या आणि प्रत्येक वेळी भीमाबाईच्या चुलीपुढे जेवून आला होता.

ऑगस्टच्या सभेची सूचना त्यानेच लिहिली. पहिल्यांदाच त्याची ओळ वाकडी गेली. फोटो झाला. भाऊसाहेब मागच्यासारखंच म्हणाले, पूस. अजिनाथने फडका घेतला, पिळला आणि दांडीवर वाळत टाकला. म्हणाला, "भाऊसाहेब, आता माझ्यानं पुसनं हुनार न्हाई. तुमी पुसा." भाऊसाहेबांनी फडक्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या माणसांकडे पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारली. अजिनाथ सायकल काढून वस्तीवर गेला आणि घर न घर फिरून तारीख सांगून आला.

त्या सभेला खोली अपुरी पडली. भीमाबाईला दोघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं होतं. कुणीतरी म्हणालं, मागच्या वेळी आला नाहीत, आता कशाला भांडता. भीमाबाई म्हणाली, "भांडाया न्हाई आले. आमाला बलवलं म्हनून आले." साकवाचं काम आराखड्यात पहिलं लिहिलं गेलं. रंगनाथरावांनीही हात वर केला. अर्ध्यापर्यंतच केला, पण केला.

म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नका. साकव अजून कागदावरच आहे. कागद तालुक्याला आहे, मोजणीवाले येऊन गेले, पुढचं काही नाही. पंचायतीने मात्र मधल्या काळात काचेचा कुलूपबंद फलक आणला आणि मला उतरवलं. मी दोन महिने मागच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून उभा होतो. मला ती जागा योग्यच वाटत होती.

मग एका रविवारी अजिनाथ बैलगाडी घेऊन आला आणि मला ओढ्यावर घेऊन गेला. वरच्या अंगाला जिथे दोन खडकांमध्ये पाच-सहा फुटांचंच अंतर आहे, तिथे त्याने मला आडवं टाकलं आणि दोन्हीकडून तारेने करकचून बांधलं. काळी बाजू वर ठेवली. मोठा पूर आला तर मी काही टिकणार नाही. पण एरवी माणूस माझ्यावरून पलीकडे जातो.

आता इथेच आहे मी. पोरं शाळेत जाताना माझ्यावर धाडधाड पाय देतात, मला बरं वाटतं. तुमच्या गावातही माझा कुणी भाऊबंद भिंतीला असेल. त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबा. तो कोरा दिसला तर काल त्याच्यावर काय लिहिलं होतं ते विचारा. सभा कधी आहे ते विचारा, आणि ठरलं नाही असं उत्तर आलं तर आत सतरंजी अंथरली आहे का तेही डोकावून बघा.

भीमाबाई आता काठी टेकत चालते. परवा ती आली, खडकापाशी थांबली. वाकता येत नाही तिला, तरी काठीच्या आधाराने कशीबशी वाकली, मला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण फळा ओळखता येतो.

"विद्येला पाय लागतोय," ती म्हणाली, "माफ कर बाबा."

मग तिने मोडलेला पाय आधी टाकला आणि हळूहळू माझ्यावरून पलीकडे गेली. माफी मी मागायची होती. मागितली तिने.