उघडी फाटकं

शिंपिणीच्या खोलीत बसायला जागा होती, पण कडीबाच्या आईला बसवत नव्हतं. ती खिडकीपाशी जायची, पडदा बोटभर सरकवून गल्लीत बघायची आणि दुखरा खुबा धरून परत मशीनपाशी यायची. बाहेर सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. नांगरलेल्या रानाची माती उडून गल्लीत येत होती आणि घराघरापुढची लाकडी फाटकं धडाधड आपटत होती.

"बस की जरा," शिंपीण म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्यांनी माझी टीप वाकडी चाललीय."

"तो जेवला असेल का गं?"

"जेवला. गवंड्याची बायको मघाशी दारात येऊन सांगत होती, तूच पडद्यामागून कान लावून ऐकलंस ना? भात वेगळ्या ताटलीत, कालवण वेगळ्या. एकमेकाला लागू दिलं नाही म्हणे. आता काय वाढणारीच्या हातावर पहारा ठेवायचाय?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि आल्या आल्या चपला कशा भिरकावल्यास बाहेर? एक पालथी, एक उताणी. कोणी ओळखल्या म्हणजे?"

पण चपला आत घ्यायचं दोघींच्याही डोक्यातून गेलं.

कडीबा म्हणजे काही लहान पोर नव्हे. पस्तिशीचा गडी, अंगापिंडानं दणकट. सकाळी दूधवालीचा गोठा झाडायचा, कॅन घासायचे, आणि घासलेला कॅन असा लख्ख की त्यात तोंड बघावं. बोलणं मात्र मोजकं. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हात धरलेला खपायचा नाही. दिवस कलला की तो गल्लीच्या वरच्या टोकाला जायचा आणि तिथून खालपर्यंत एकेक फाटक लावत यायचा. कडी घातली, बोटानं चाचपली, "बंद" म्हणाला, की पुढचं. त्यावरूनच गल्लीनं त्याला कडीबा केलं. आधी लोक वेडा म्हणायचे. मग आरोग्य केंद्रातली ताई आली. तिनं सांगितलं, याला स्वमग्नता म्हणतात, हा असाच आहे आणि असाच राहणार, तेव्हा जगायची रीत त्याच्या कलानं बसवा. ती कडीबाच्या आईला बाजारगावी घेऊन गेली. तिथं अशाच मोठ्या मुलांचे आईबाप महिन्यातून एकदा जमायचे. आपल्यासारखी दुसरीही माणसं आहेत हे बघून ही बाई पहिल्यांदा तिथं बसल्या बसल्या ढसाढसा रडली.

आता खुब्याचा सांधा पार गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली, पण त्या दिवसांत कडीबाला कोण बघणार? तिच्या भावानं, म्हणजे मामानं, लांबच्या एका संस्थेत त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. मामा वाईट नव्हता, धास्तावलेला होता. "आज ना उद्या तुझ्यामागं त्याचं काय?" हे तो दर भेटीत विचारायचा. ताईनं मात्र गल्ली गोळा केली. अंघोळीचं पाणी कोणी काढायचं, जेवण कोणाकडं, रात्री ओट्यावर कोण झोपायचं, सगळं वाटून घेतलं. म्हणाली, "आधी एक दिवस करून बघू. जमलं तर मावशी ऑपरेशनला जातील, नाही जमलं तर मामा म्हणतात तसं." म्हणून आज आई गल्लीच्या लेखी तपासणीला गेलेली होती, आणि खरं तर गल्लीच्या शेवटच्या, शिंपिणीच्या घरात पडद्यामागं उभी होती. हे फक्त ताईला आणि शिंपिणीला ठाऊक.

ऊन उतरलं. वारा काही पडेना. कडीबा घरातून निघून वरच्या टोकाकडे गेलेला आईनं पाहिला आणि तिचा जीव जरा खाली बसला. आता तो कड्या लावत येईल, शेवटी या दाराशी पोचेल, झालं.

पण गल्लीनं माया केली होती. ताईनं बजावलं होतं, त्याला आज त्रास होईल असं काही करू नका. गल्लीनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. आई नाही घरात, वरून असला वारा, कशाला त्याला कामाला लावायचं? उन्हं उतरायच्या आतच झाडून सगळ्यांनी आपापली फाटकं लावून टाकली होती. कड्यासुद्धा घातल्या होत्या.

कडीबानं पहिलं फाटक पाहिलं. लावलेलं. दुसरं पाहिलं, तेही लावलेलं. तो मधेच थांबला, मांडीवर हात आपटू लागला, घशातून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. मग त्यानं त्याच्या परीनं तोड काढली. वरपासून खालपर्यंत सगळी फाटकं उघडत आला आणि सुरुवात करायला पुन्हा वर चालू लागला.

तेवढ्यात जनावरं बाहेर. शेळ्या कोबीच्या वाफ्यात घुसल्या, कोंबड्या चहूकडे उधळल्या.

"कोणी उघडलं हे? माझं वासरू कुठाय?" दूधवाली ओरडत आली.

"तुझं वासरू माझ्या ओल्या ओट्यावर नाचतंय!" गवंडी थापी घेऊन धावला. "आत्ता घोटला होता गं, आत्ता!"

"मग धर ना त्याला! थापी काय दाखवतोस?"

जो तो आपलं जनावर आत कोंडायचा आणि फाटक लावायचा. कडीबा मागून येऊन ते उघडायचा. कोणी लावलं की यानं उघडलंच. त्याचा घुमण्याचा आवाज वाढत चालला आणि नेमका त्याच धुळीत मामा मोटारसायकलवरून उतरला.

"हेच सांगत होतो मी!" मामानं कडीबाचा दंड धरला. "एक दिवस नाही निभला. चल, बस गाडीवर."

कडीबा किंचाळला. दोन्ही कान दाबून तो जागच्या जागी वाकला.

आईनं पडदा सोडला आणि दाराकडे झेपावली. शिंपीण उंबऱ्यात आडवी बसली.

"सरक! त्यांना कळत नाहीय. फाटकं उघडी हवीत त्याला. एवढंच सांगते आणि येते."

"आज तू सांगशील. ऑपरेशनच्या टेबलावरून कशी सांगशील?"

"अगं, तो ओरडतोय!"

"मलाही ऐकू येतंय," शिंपीण म्हणाली आणि तिचेही डोळे भरले. पण ती उंबरा सोडेना. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. पोटच्या पोराला असं ओरडू द्यायचं आणि आपण भिंतीआड उभं राहायचं, हे कसलं आईपण, असं तिला वाटलं आणि स्वतःची शरम आली.

"मामा, हात सोडा आधी!" बाहेर दूधवाली कडाडली. "हात धरलेला चालत नाही त्याला. इतकी वर्षं मामा आहात, एवढं कळत नाही?"

मामानं चपापून हात सोडला. दूधवालीनं वासराला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि फरफटत आपल्या अंगणात नेलं. आता फाटक लावायला हात कुठला मोकळा? ते तसंच उघडं राहिलं. कडीबानं कानांवरचे हात काढले. चार पावलं आला. फाटक ओढलं, कडी घातली, बोटानं चाचपली.

"बंद," तो म्हणाला. आणि घुमणं थांबलं.

दूधवाली बघतच राहिली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "अरे, आपणच शहाणे! त्याचं काम आपण करून बसलो, मग त्यानं करायचं काय? उघडा रे सगळ्यांनी आपापली फाटकं!"

"आणि शेळ्या?"

"शेळ्या धरून उभे राहा! हात कशाला दिलेत देवानं?"

मग त्या गल्लीनं कधी केलं नव्हतं ते केलं. घरोघरी फाटकं सताड उघडी, आणि प्रत्येक फाटकात एकेक माणूस बकरं बगलेत मारून उभं. गवंड्याच्या काखेत कोंबडा. मामाच्याही हातात कोणीतरी एक शेळीचं दावं दिलं, ती त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही चघळत होती, आणि तो हलायची हिंमत करत नव्हता. मधून कडीबा वरून खाली येत होता. कोणाकडे न बघता, न घाबरता. कडी, बोट, "बंद". मामाच्या पुढ्यातलंही त्यानं लावलं आणि मामा शेळीसकट आत अडकला.

"शिंपीणबाई, तुमचं फाटक!" कोणीतरी हाक मारली. शिंपिणीनं धावत जाऊन फाटक उघडलं आणि परत येऊन, दार लोटून मागे उभी राहिली.

पावलं आली. आई भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभी होती. पावलं फाटकाशी थांबायला हवी होती, पण ती अंगणात आली, दाराशी आली. मग तिला एकदम चपलांची आठवण झाली. पालथी एक, उताणी एक. घरी रोज तोच तर त्या लावून ठेवायचा. आता तो दार ढकलेल, आपल्याला बघेल, आणि सगळं मुसळ केरात. आणि खरं सांगायचं तर, ढकलावं त्यानं दार, असंही तिला फार वाटलं.

दारापलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग पावलं परत फिरली. कडी वाजली.

"बंद," कडीबा म्हणाला आणि दूधवालीकडे जेवायला निघून गेला.

आई खुबा धरून खाली बसली. तिला हसू येत होतं, आणि रडूही.

"त्याला कळलं, मी इथं आहे. तरी गेला गं."

"मग? तू जाशील ना आता?"

बाहेर वारा तसाच होता, पण एकही फाटक वाजत नव्हतं. "जाते," आई म्हणाली.

शिंपिणीनं दार उघडलं. उंबऱ्यालगत चपला शेजारी शेजारी होत्या, टाचा घराकडे, अंगठे वाटेकडे. ती उचलायला वाकली.

"हात नको लावूस," आई म्हणाली. "राहू दे तशाच. मी निघावं म्हणून त्यानं लावून ठेवल्यात."