आणखी अर्धा आटा

मित्रांनो, मी एक जुना स्पार्क प्लग आहे आणि सध्या दोन तुकड्यांत आहे. माझे वरचे अंग चिनी मातीचे, पांढरे. खालचे लोखंडी, आट्यांचे. हे दोन्ही तुकडे एका खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. धूळ बसली की घरातली लेक ती पुसते आणि आम्हाला पुन्हा तसेच ठेवते. मोडक्या वस्तूचे एवढे लाड कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. लाड नव्हेत ते. आठवण राहावी म्हणून मला ठेवले आहे, आणि ती आठवण काही सुखाची नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझे पांढरे अंग भट्टीत भाजून निघाले, लोखंडी कवचात बसवले गेले आणि टोकाशी एक बारीक फट राखली गेली. त्या फटीत ठिणगी पाडायची आणि पेट्रोल पेटवायचे, एवढेच माझे काम. काम एवढेसे, पण आम्ही नसलो तर गाडी म्हणजे चाके लावलेले कपाट! आम्हा चार भावंडांना एका खोक्यात घालून दुकानात पाठवले. तिथून आम्हाला आबांनी घरी आणले.

आबा नळाची कामे करत. त्यांनी बसवलेला नळ गळला, असे कोणी कधी ऐकले नव्हते. नळ घट्ट बसला की इतर लोक थांबतात. आबा थांबत नसत. ओठ मिटून ते आणखी अर्धा आटा फिरवत. "गळण्यापेक्षा अडकलेलं बरं," असे त्यांचे म्हणणे. घरातही तीच तऱ्हा. त्यांची बायको हयात असताना साखरेची बरणी घेऊन शेजारी जाई. साखर मागायला नव्हे, आबांनी लावलेले झाकण उघडून घ्यायला.

तर अशा हातांनी मला गाडीत बसवले. इंजिनाचा वरचा भाग मऊ धातूचा असतो. तिथे प्लग बोटांनी फिरवत न्यावा, टेकला की पान्ह्याने जरासा आवळावा आणि हात काढून घ्यावा. आबांनी हात काढला नाही. मी तिसऱ्या भोकात होतो. माझे आटे कुरकुरले, पण तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटला. आता मला कोण हलवतो, अशा तोऱ्यात मी बसलो.

पुढची वर्षे फार चांगली गेली. सुट्टीचा दिवस आला की आबा गाडी काढत आणि आपल्या मोठ्या बहिणीकडे जात. तिला सगळे आक्का म्हणत. आमचा आवाज वळणावर आला की तो तिला स्वयंपाकघरात ऐकू येई. हात पुसत ती फाटकाशी यायची आणि म्हणायची, "आला बाई माझा गाडीवाला!" त्या कौतुकातला चौथा हिस्सा माझा, असे मी मनात धरून चालत असे.

मग तो नळ आडवा आला. आक्काच्या बोटांचे सांधे सुजू लागले होते. तिच्या स्वयंपाकघरातला नळ खराब झाला, तेव्हा आबांनी नवा बसवला, अर्थातच आपल्या पद्धतीने, चावीखालचा नटही करकचून आवळून. तिला तो काही केल्या उघडेना. शेवटी तिच्या मुलाने, म्हणजे आबांच्या भाच्याने, गल्लीतला दुसरा नळवाला बोलावला. आबांना हे कळले आणि राग त्यांच्या नाकावर जाऊन बसला.

"माझ्या हातचं काम परक्याच्या हाती दिलंस?"

"मग काय करू? तहान लागली की तुझी वाट बघत बसू?"

दोघांचेही खरे होते, म्हणूनच कोणी मागे हटेना. आबा पाण्याचा घोटही न घेता गाडीत येऊन बसले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. राग केव्हाच विझला असेल, पण पीळ राहिला. गाडी आच्छादनाखाली गेली. मी तिसऱ्या भोकात गंजत राहिलो. आबा म्हातारे झाले, नजर अधू झाली. लेक अधूनमधून इंजिन सुरू करून बघायची आणि म्हणायची, "आबा, आत्याला एक फोन तरी करा." आबा म्हणत, "ती मोठी आहे. तिने करावा." नंतर नंतर ते नुसतेच म्हणत, "बघू."

एका सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आई फार थकलीय. सारखी तुमची आठवण काढतेय. आजच या."

त्या दिवशी आबांनी 'बघू' म्हटले नाही. चपला पायात सरकवून ते दारात उभे राहिले. लेक टॅक्सी बोलावू लागली, तर त्यांनी तिचा हात धरला. "टॅक्सी नको. आपल्या गाडीचा आवाज तिला कळतो. परक्या गाडीतून उतरलो तर म्हणेल, हा अजून रागातच आहे."

लेकीने गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि गाडी आचके देऊ लागली. मित्रांनो, मी जीव तोडून धडपडलो, पण माझ्या टोकावर काजळी धरली होती. ठिणगी पडेना. तिने कशीबशी गाडी अंगणात परत आणली. आबांच्या पेटीत नवे प्लग होते. जुने काढायला लेक बसली. माझे तिन्ही भाऊ कुरकुरत निघाले. मी जागचा हललो नाही.

"इंजिन तापलंय, आबा. निवू द्या थोडं."

"वेळ कुठाय आपल्याकडे?" म्हणून आबांनी पान्हा घेतला. अडलेल्या जोडणीसाठी ते जे आयुष्यभर करत आले, तेच त्यांनी केले. पान्ह्याच्या दांड्यावर पाइपचा लांब तुकडा चढवला आणि अंगातला सगळा जोर लावला. मला सुटायचे होते हो! पण आट्यांनी मला सोडले नाही. कट्‌ असा आवाज झाला. मी वर आबांच्या हातात होतो आणि खाली इंजिनातही होतो.

लेकीने गाडीच्या मिस्त्रींना बोलावले आणि उशीर होईल हे सांगायला आत्याच्या घरी फोन लावला. पलीकडून चक्क आक्काच बोलली. आवाज बारीक, पण फणकारा तोच. "गाडी घेऊनच या म्हणावं. खिडकीशी बसलेय मी, कान देऊन."

लेकीचे डोळे भरून आले. तिने फोन आबांपुढे धरला. "बोला ना."

आबांनी आपले हात पाहिले. काजळीने आणि वंगणाने काळे झालेले. "आता नको. हात घाण आहेत. आता जातोच आहोत, समोरच बोलतो."

मी तिथेच होतो. तो फोन त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर होता.

मिस्त्री आले. घाई करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. आधी त्यांनी इंजिन पूर्ण निवू दिले, मग माझ्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडले आणि ते मुरेपर्यंत पायरीवर बसून राहिले. आबा येरझारा घालत होते. "आबा, जोर करून आधीच एक मोडलाय," मिस्त्री म्हणाले, "आता त्याच्या कलाने घेऊ." मग उलट्या आट्यांचे एक निमुळते हत्यार ग्रीस लावून त्यांनी माझ्या पोटात रुतवले. जरा मागे, जरा पुढे, पुन्हा तेल, पुन्हा मागे. दुपार कलली तेव्हा मी बाहेर आलो. आत पडलेली कणी न्‌ कणी त्यांनी टिपून काढली आणि नवा प्लग आबांच्या हातात दिला. आबांनी तो बोटांनी फिरवला, पान्ह्याने जरासा आवळला. हात आणखी फिरायला निघाला, तोच मिस्त्री म्हणाले, "बास!" आणि आबा थांबले. माझे दोन्ही तुकडे त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

दिवे लागायच्या सुमारास गाडी त्या ओळखीच्या वळणावर आली. इंजिनाचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता. फाटकाशी कोणी आले नाही.

भाचा दार उघडून म्हणाला, "दुपारपर्यंत बोलत होती, मामा. प्रत्येक गाडीला विचारायची, आला का. मग झोप लागली, ती आता डोळेच उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येत नाही."

आबांचे हात अजून काळेच होते. तशा हातांनी तिला शिवायचे नाही म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. सवयीने त्यांनी नळ जोराने धरला, आणि नळ नुसत्या बोटाने फिरला. पाणी भरभर आले. बंद केला, तर एक थेंबही गळला नाही. आबा वाकून बघत राहिले. नळ त्यांचाच होता.

"हा बदलला नव्हतात?"

"छे. तो माणूस बदलतोच म्हणत होता. आईने हात लावू दिला नाही. म्हणाली, माझ्या भावाने बसवलाय, फक्त अर्धा आटा सैल कर."

आबा तिथेच खाली बसले. मग हात धुऊन आक्काजवळ गेले आणि तिचा हात हातात घेतला, इतका अलगद की मी त्यांचे असे हात कधी पाहिले नव्हते. इतक्या वर्षांचे सगळे ते तिच्याशी बोलले. तिने डोळे उघडले नाहीत. पहाटे ती गेली. आमच्या गाडीचा आवाज तिच्या कानापर्यंत पोहोचला की नाही, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

घरी आल्यावर आबांनी मला या कट्ट्यावर ठेवले. मग स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणे एकेक करून सैल केली, पण ती उघडून घ्यायला शेजारी जाणारी त्यांची बायको आता हयात नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्याला बसवाल तेव्हा हात आवरा, आणि काढाल तेव्हा इंजिन निवू द्या. आम्ही वाट बघू शकतो, आम्हाला घाई नसते. माणसांचे तसे नाही. कोणी तुमच्यासाठी खिडकीशी बसून फोनवर आले असेल, तर हात काळे असले तरी फोन घ्या. फोनला लागलेले वंगण पुसता येते.