गुरुवारच्या आत उतरा

मार्च सरत आला होता; पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ही पानगळीची वेळ. खाली गावात पॉप्लरची पानं पिवळी पडली होती, तरी उन्हाळ्यासाठी वरच्या कुरणांत गेलेल्या शेळ्या अजून उतरल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी रेडिओवर आठवड्याचं हवामान सांगितलं: मंगळवारपर्यंत निरभ्र, बुधवारी वारा, गुरुवारी खिंडीत बर्फ.

एदुविनाने हातातला माते, तो कडू हिरवा चहा, तसाच ठेवला. बाबा वर शेळ्यांबरोबर एकटेच होते. यंदा जाऊ नका म्हणून डिसेंबरात ती त्यांच्याशी भांडली होती. जाताना त्यांनी तिचा निरोपही घेतला नव्हता.

वर फोन लागत नाही, रेडिओ मात्र ऐकू येतो. तिने रेडिओवर निरोप दिला. दुपारी निवेदिकेने तो वाचला : "वरच्या कुरणातल्या उलिसेस यांना. एदुविना सांगते, गुरुवारच्या आत उतरा."

मंगळवारी आभाळ इतकं स्वच्छ होतं की तिलाच आपल्या निरोपाची लाज वाटली. दुकानदार अमान्सिओ म्हणाला, "काय गं, बर्फ कुठं ठेवलास? मागे असाच पाऊस सांगितला होता, नुसती धूळ खाल्ली आपण."

"खाल्लीस ना? मग गप बस," ती म्हणाली. पण तिचं कशात लक्ष लागेना. दर थोड्या वेळाने ती दारात येऊन डोंगराकडे बघायची. वाटेवर कळपाची धूळ उठत नव्हती. बुधवारी उजाडताच तिने घोडीवर खोगीर चढवलं.

खिंडीच्या अलीकडेच शेळ्या दिसल्या. सोबत कुत्रा होता, माणूस नव्हता. घोडीला टाच मारून ती वर गेली. वळणापलीकडे बाबा पायी येत होते, लंगडणाऱ्या घोड्याचा लगाम धरून.

"निरोप ऐकला नाहीत?"

"ऐकला. सगळ्या डोंगराने ऐकला. पलीकडच्या कुरणातला फाउस्तिनो संध्याकाळपर्यंत हसत होता, लेकीचा हुकूम आलाय म्हणून. मग मी कालचा दिवस मुद्दाम बसून राहिलो."

"मुद्दाम?"

"हो. चूक झाली." त्यांनी मागे बघितलं. खिंडीवर आभाळ काळवंडलं होतं.

रेडिओने गुरुवार सांगितला होता. बर्फ बुधवारी संध्याकाळीच आला. दोघांनी शेळ्या एका कड्याच्या आडोशाला दाटीने बसवल्या आणि एकाच घोंगडीखाली पाठीला पाठ लावून बसले. वारा ओरडत होता. कुत्रा सारखा उठून बाहेर बघायचा, एदुविनाही. दोनदा बाबांनी तिच्या बाहीला धरून तिला खाली बसवलं.

"डिसेंबरात बोलायला हवं होतं मी तुझ्याशी," ते मध्येच म्हणाले.

"झोपा आता."

सकाळी वारा पडला. मागची खिंड बुजून गेली होती. दोन म्हाताऱ्या शेळ्या उठल्याच नाहीत. बाकीच्या अंग झाडून उभ्या राहिल्या. बाबांनी त्या दोघींच्या अंगावरचा बर्फ हाताने पुसला, थोडा वेळ तिथेच बसले. मग लगाम हातात घेऊन वाटेकडे बघत राहिले. वाट कुठेच नव्हती, सगळीकडे पांढरं.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "मला हल्ली पांढऱ्यात काही नीट दिसत नाही."

हे ते आजवर कुणाला बोलले नव्हते. एदुविनाने घोडी वळवली आणि मागे त्यांच्या पावलांचा आवाज येतोय ना, ते ऐकत सावकाश उतरू लागली.