आईच्या नाकानं

रश्मीचं नाक सर्दीनं पार चोंदलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ती कामाला होती त्या नागपूरच्या हॉटेलात तिला पाहुण्यांना नव्या सिंगल माल्ट व्हिस्कीचा वास-चव समजावून सांगायची होती. म्हणून एकोडी गावी घरी येताना ती बाटली सोबतच घेऊन आली. बाटली पाहताच तिच्या आईच्या, रत्नमालाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचे वडील दारूपायी गेले होते. या घरात त्यांनी कधी दारूचा थेंब येऊ दिला नव्हता.

"पिऊ नको, आई. फक्त वास घेऊन सांग मले," रश्मी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

लेकीच्या कामासाठी त्यांनी मन घट्ट करून रश्मीनं ओतून दिलेला पेला नाकाशी नेला, आणि त्या थबकल्या.

"मधासारखा वास येऊन राहिला गं. अन् पिकल्या पेरूसारखा."

मग आपणहून त्यांनी बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. चटका बसेल असं वाटलं होतं, पण आधी गोडवा आला, मागून हलकीशी ऊब.

"मवाळ हाये," त्या म्हणाल्या आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. "माह्या बाबाले जंगलातून मध आनाची मोठी हौस. पहिलं बोट मलेच चाटवत."

इतकी वर्षं वडील म्हटलं की त्यांना झोकांड्याच आठवायच्या. आज मधानं चिकट झालेले हात आठवले.

रश्मी व्हिस्कीचं विसरून आईला बिलगली. "अजून सांग न, आजोबा कसे होते?"

रत्नमालाबाईंनी पेला बाजूला सारला आणि सांगायला सुरुवात केली.