आखडता हात

"पुरे," ती म्हणाली आणि तिने ताट मागे ओढलं.

काकांच्या हातातला डाव अर्धाच कलला होता, तो तसाच सरळ झाला. ताटात चिकनचे दोन लहान तुकडे आणि थोडा रस्सा पडला होता. "चला, पुढे," काका म्हणाले, तिच्याकडे न बघता. मागचं ताट पुढे आलं. त्यात त्यांनी डाव काठोकाठ भरून रिकामा केला आणि वर म्हणाले, "खा रे, लाजतोस काय? सासुरवाडीला आलायस?"

रांगेत हशा पिकला. पोर हसलं की दोन घास जास्त खातं, हे काकांना ठाऊक होतं.

सैनिकी प्रशिक्षण केंद्राच्या भोजनगृहात ते मुख्य आचारी होते. शिजवायला हाताखाली माणसं होती, पण वाढणं त्यांनी कधी कुणावर सोडलं नाही. पहाटेपासून पाठीवर ओझं घेऊन धावलेली, चिखलातून सरपटलेली, दोरावर लोंबकळून तळहात सोललेली पोरं समोर येत. कोण नुसतं दमलंय, कोणाला घरची आठवण आलीय, कोणाचं पोट बिघडलंय, हे त्यांना तोंड बघून कळे. प्रत्येकाशी एखादा शब्द बोलल्याशिवाय ते डाव उचलत नसत.

फक्त त्या एका ताटाशी ते बोलत नसत. ती त्यांची मुलगी होती.

तिची आई गेल्यावर त्यांनीच तिला लहानाची मोठी केली. भरतीत निवड झाली तेव्हा तिने घरीच बजावून ठेवलं होतं, "बाबा, तिथे मी तुमची कुणी नाही. हाक मारायची नाही, चौकशी करायची नाही." काका "बरं" म्हणाले होते. पण असल्या गोष्टी लपून राहतात थोड्याच! पहिल्याच आठवड्यात रांगेतून कुणीतरी बोललं, "हिची काय मजा आहे बुवा, घरचंच ताट!" सगळे हसले. काकाही हसले. पण ते बोलणं त्यांच्या मनाला लागून राहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या वाढण्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या दुपारी भांडी आवरून ते जरा टेकले होते, तोच कोठारवाला धापा टाकत आला.

"काका, तुमची... म्हणजे, आपली ती... टेकडी चढताना एक मुलगी पडली. दवाखान्यात नेलीय."

सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माहीत नसल्यासारखं वागत होते. काका एप्रन न काढताच निघाले.

दवाखान्याच्या दारातच आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. या बाई आणि काका यांचं पहिल्यापासून फारसं जमलं नव्हतं. बाई नव्या आल्या तेव्हा अंगाने काडीसारख्या. 'ही आम्हाला खायला शिकवणार!' म्हणून मुदपाकखान्यात खसखस पिकली होती. "मॅडम, ताकद मांसात असते. दुपारी भरपूर मांस घातलं की झालं," असं काकांनी त्यांना ऐकवलं होतं. बाई ऐकून घेत आणि आपलंच करत. सकाळी अंडी, कवायत संपली की लगेच दूध आणि पाव, संध्याकाळी वाटाणे, घेवडा. "प्रथिनं दिवसभर थोडीथोडी जायला हवीत, काका. एकाच जेवणात ढीग घालून भागत नाही." काकांनी कुरकुरत ते केलं. पोरांच्या अंगात फरक दिसला तेव्हा ते गप्प बसले, पण बरोबर आहे असं तोंडाने कधी म्हणाले नाहीत.

"नडगीच्या हाडाला चीर गेलीय," बाई म्हणाल्या. "बरी होईल. पण वजन फार उतरलंय तिचं."

"चिकन असतं, अंडी असतात. आणखी काय घालू?"

"नुसत्या प्रथिनांचा प्रश्न नाही, काका. एकूण अन्नच कमी पडतंय. एवढी मेहनत करायची आणि पोटात पुरेसं जायचं नाही, मग शरीर स्वतःचंच मांस जाळायला घेतं. सरपण संपलं की माणूस घरातल्या खुर्च्या मोडून चुलीत घालेल, तसं." "मी गेला आठवडाभर तुमच्या रांगेच्या टोकाला ताटांचं वजन करत होते. सगळ्यांचीच. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं की. माझा हात म्हणजे तराजू आहे, मॅडम."

"आहे. मी असा हात कुठे बघितला नाही. पण एका ताटावर तो आखडतो. रोज."

काकांना एकदम राग आला. ते काहीतरी तिखट बोलणारच होते, पण दुपारचा तो अर्धा कललेला डाव त्यांना दिसला. ती 'पुरे' म्हणाली होती खरी. पण डाव आधी थांबला होता की ती आधी बोलली होती? त्यांनी आठवून बघितलं. कालचं बघितलं, परवाचं बघितलं. मग ते भिंतीला टेकले.

"मला कळलंच नाही हो," ते हळूच म्हणाले.

"म्हणून तर सांगितलं," बाई म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

मुलगी पाय उशीवर ठेवून पडली होती. गालाची हाडं वर आलेली. ती रोज दिसत होती, पण तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवल्यामुळे त्यांनी ती बघितलीच नव्हती.

"बाबा, यायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"आचारी म्हणून आलोय. जेवत का नाहीस?"

ती छताकडे बघत राहिली. "जेवते. पण बेतानं. उद्या मी पहिली आले तर म्हणतील, बापाने चारलं म्हणून आली. सकाळचं अंडंसुद्धा बराकीतल्या शेजारच्या मुलीला देते. सगळ्यांना दिसेल असं."

काका खाटेच्या कडेला बसले. "आणि मी तुला कमी वाढत होतो."

"काय?"

"तू पुरे म्हणायच्या आधीच माझा हात थांबायचा. मॅडमनी वजन करून दाखवलं."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग खुदकन हसली. "म्हणजे आपण दोघांनी मिळून उपाशी मारलं की मला!" हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने तोंड उशीकडे फिरवलं. काकांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. हाताला कांद्याचा वास होता.

"उद्यापासून मी वाढणार नाही," ते म्हणाले.

"बाबा! वाढल्याशिवाय करमेल तुम्हाला?"

"नाही करमणार. पण तू पोटभर खायचंस. कोण काय म्हणतं, ते म्हणू दे."

भोजनगृहाच्या अधिकाऱ्याला त्यांनी खांदा दुखतो असं सांगितलं. डाव धाकट्या आचाऱ्याकडे गेला. तो सगळ्यांना सारखं, भरपूर वाढे, पण तोंडातून शब्द काढत नसे. काका भिंतीपलीकडे मोठ्या पातेल्यांपाशी उभे राहू लागले. सुरुवातीला रांगेचा आवाज आला की त्यांचा उजवा हात उगाच शिवशिवे. धाकटा परत आला की ते विचारत, "पोरं जेवली का नीट?" तो म्हणे, "जेवली, काका." एका पोरीबद्दल वेगळं त्यांनी कधी विचारलं नाही.

तिची तुकडी तिच्याविना पुढे गेली. कुबडी काखेत धरून तिने मैदानाच्या कडेला टाळ्या वाजवल्या, असं कोठारवाल्याने सांगितलं. हाड जुळल्यावर तिला मागच्या तुकडीत घातलं आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

शेवटच्या लांब कूचच्या दिवशी मुदपाकखान्यातली माणसं बघायला फाटकापाशी गेली. काका गेले नाहीत, चुलीवर दूध होतं. कूचची वाट मुदपाकखान्याच्या मागच्या भिंतीला लागून येत असे. उन्हं वर आली तशी लांबून बुटांची धमधम ऐकू येऊ लागली. काका ढवळता ढवळता थांबले. पावलं भिंतीजवळ आली. जड, ओढलेली, तरी एका ठेक्यातली. त्यांनी कान देऊन ऐकलं. त्यांतली तिची कुठली, काही केल्या कळेना. सगळी सारखीच वाजत होती.

पावलं भिंतीपासून पुढे गेली, तशी काकांनी आच वाढवली आणि दाराकडे तोंड करून हाक दिली, "चला रे, या आत, पाव कापायला घ्या. पोरं आली."