खुंटीवरचा पट्टा

मित्रांनो, माझ्या एका कडेची शिवण उसवली आहे. बोटाच्या पेराएवढीच, पण सगळा संशय तिच्यावर आला होता.

मी एक जुना पट्टा आहे, आखडलेले सांधे ताणून मोकळे करणाऱ्या दवाखान्यातला. जाड सुती विणीचा. उमेदीच्या काळात माझी मोठी बडदास्त होती. थेरपिस्ट बाई मला स्वतः धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. आता नवे, ताणले जाणारे पट्टे आले आहेत आणि मी दाराआडच्या उंच खुंटीवर असतो. हट्टी सांधा आला, की माझी आठवण होते.

काम साधे आहे. रुग्ण टेबलावर निजतो, मी त्याच्या मनगटाभोवती बसतो, बाई मला हळू ओढतात आणि थांबतात. स्नायूंभोवती चिवट आवरण असते; पुस्तकात त्याला संयोजी ऊती म्हणतात. त्याला घाई चालत नाही. ओढ बसली की ते अडते, मग वाट पाहिली की थोडे सैल होते. ते अडणे मला बरोबर ओळखू येते.

म्हणूनच मला ताईंचा संशय आला.

ताई केस कापायच्या. धाकट्या बहिणीबरोबर त्यांनी दुकान उभे केले होते. दिवसभर हात वर धरून त्यांचा उजवा खांदा आखडला. सुरुवातीला तो खरोखरच अडत होता. पुढे मात्र ओढ बसण्याआधीच तो घट्ट होऊ लागला. आखडलेला खांदा असे करत नाही, मित्रांनो. ओढ येणार हे त्याला आधी कळतच नाही.

"हा पट्टाच सरकत असणार," बाई म्हणाल्या. "उसवलाय बघा. टाकूनच देते."

बाहेरच्या बाकावरून धाकटी ओरडली, "पट्टा कसला! आमची ताईच कामचुकार! अगं, गिऱ्हाईकं माझ्याकडून केस कापून घेतात आणि आरशात बघून रडतात. लवकर बरी हो बाई!"

ताई हसल्या. खांदा आणखी घट्ट झाला.

मला टेबलावर टाकून बाई हात धुवायला गेल्या. ताई उठल्या. दुकानात कात्री, कंगवा जिथल्या तिथे ठेवायची त्यांना सवय. त्यांनी मला उचलले, नीट दुमडले आणि खुंटीला टांगले. उजव्या हाताने.

बाई परत आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिले, मग वर माझ्याकडे.

"डाव्या हाताने टांगलात ना?"

नुसती मान हलवली असती तरी निभावले असते. ताईंनी ती हलवली नाही. धाकटी दारात येऊन उभी होती.

"ताई, हात जातो तुझा वर?"

"जातो."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मग मला कशाला बनवत होतीस गं?"

मित्रांनो, उसवलेली शिवण अवश्य घाला, जुन्या वस्तूंना जपा. पण माणूस अडून बसला, तर पट्टा बदलण्याआधी एकदा त्यालाच विचारा. ताईंना इतके दिवस कोणी विचारलेच नव्हते.

त्यांनी धाकटीचा हात धरला, त्याच उजव्या हाताने.

"छोटे, दुकान आता तू बघ. मला केस कापायचे नाहीत. हात बरा झालाय, तरी नाही."