लाल पट्ट्याचं घड्याळ

"कुठली गोळी मिळालीय याचा अंदाज बांधू नका. बांधलात, तर निदान कुणाला सांगू नका," सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आईनं मान डोलावली आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

लेक सहा वर्षांची, दम्याची. दवाखान्यात एका झाडाच्या पाल्यातून काढलेल्या औषधाची चाचणी चालली होती. अर्ध्या मुलांना ते औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. कुणाला कुठली, ते शेवटपर्यंत गुलदस्त्यात. नेहमीचा पंप मात्र सगळ्यांनी चालू ठेवायचा. सिस्टर दर आठवड्याला तो घ्यायला शिकवायची. "हळू ओढ, दहा मोज."

दोन महिन्यांत लेक जिना न थांबता चढायला लागली. वर्षभर तिचे श्वास मोजून थकलेल्या आईला आणखी काय हवं होतं? कोपऱ्यावरचे घड्याळवाले काकाही दम्याचेच. त्यांच्यापाशी तिनं मन मोकळं केलं.

"काका, पाल्यानं कमाल केली हो!"

"म्हणजे मीही आता शेळीसारखा पाला चघळू?" काका हसले आणि हसता हसता खोकत बसले.

शेवटी चाचणी संपली. सिस्टरनं यादी उघडली. "तुमची पिठाची होती."

"मग ही बरी कशी झाली?"

"आधी पंपातलं निम्मं औषध जिभेवरच राहायचं. आता छातीत जातंय, रोजच्या रोज. पाल्याचा उपयोग होतो की नाही, ते आम्हालाही अजून ठाऊक नाही."

आईला काका आठवले. लेकीचा हात धरून ती तशीच दुकानाकडे निघाली.

काका स्टुलावर वाकून बसले होते, खांदे कानाला लागलेले.

"काका, पंप कुठाय?"

"सोडला... तीन आठवडे... पावडर आणली... पाल्याची..."

खणात पंप सापडला. लेकीनंच तो त्यांच्या तोंडाशी धरला. "आजोबा, हळू ओढा. दहा मोजा."

गाडी मिळवून आईनं त्यांना दवाखान्यात नेलं. तासाभरानं त्यांना नीट बोलता यायला लागलं.

"काका, माझ्यामुळे..."

"गप गं. मी तरी कुठला शहाणा? एका गिऱ्हाइकालाही सांगून बसलो. शिवणकाम करते, छातीत शिट्टी वाजते तिच्या. पंप फेकूनच देते म्हणाली."

"नाव काय तिचं?"

"घड्याळ टाकायला आलेल्याला नाव कोण विचारतं? चिठ्ठीवर 'लाल पट्टा' लिहिलंय. दोन आठवडे झाले, न्यायला आलीच नाही."

त्यानंतर आईनं शिवणाची दुकानं पालथी घातली. पायांचे तुकडे पडले, पण बाई काही सापडली नाही. म्हणून आता आई भेटेल त्याला विचारते, तुम्हालाही विचारतेय. तुमच्या आसपास अशी शिवणवाली असेल, तर जरा दार वाजवून बघा. पंप घेते का विचारा. आणि घड्याळ चालू झालंय, तेवढं सांगा.